उंदरांचा कामधंदा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पाळीव उंदरांच्या पिंजऱ्याबद्दल लिहिलं होतं, मजले किती, गजांमधलं अंतर किती वगैरे, आणि त्यावर आलेल्या पत्रांत पिंजऱ्याबद्दल जवळजवळ कोणीच काही विचारलं नाही, सगळ्यांना एकच हवंय, आत ठेवू काय? तर या वेळी फक्त तेवढंच. सारखे प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळे तुमचं पत्र जसंच्या तसं दिसलं नाही तर रुसू नका.

प्रश्न : माझ्याकडे सात महिन्यांच्या दोन माद्या आहेत. कुरतडायला म्हणून रंगीत लाकडी ठोकळे आणले, दोन आठवडे झाले, दातसुद्धा लावला नाही. उंदरांचे दात सतत वाढतात म्हणे, मग आता ते तोंडाबाहेर येतील का? शिवाय दात पिवळेजर्द दिसतात, घासायचे असतात का?

घासायचे नसतात, ते पिवळेच असतात. पुढच्या दातांच्या इनॅमलमध्ये लोह असतं त्याने तो पिवळा-नारिंगी रंग येतो, वरचे दात खालच्यांपेक्षा गडद. उलट मोठ्या उंदराचे दात अचानक पांढरेफटक दिसायला लागले तर मी डॉक्टरांकडे नेईन.

वाढतात हे खरंय, आणि थोडेथोडके नाही, वर्षाला साधारण १० ते १४ सेंटिमीटर, पण फक्त पुढचे चार. मागच्या १२ दाढा वाढत नाहीत. हे वाचून लोक घाबरतात की लाकूड नाही चावलं तर दात टाळूत घुसणार, पण निरोगी उंदराचं तसं होत नाही कारण तो स्वतःचे दात स्वतःच झिजवत असतो. मांडीवर निवांत बसला की करकर असा बारीक आवाज येतो बघा, ते खालचे दात वरच्यांवर घासणं चाललेलं असतं, ब्रक्सिंग म्हणतात त्याला, आणि रंगात आला की डोळे आतबाहेर उडायला लागतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा याला फिट आली म्हणून रात्री अकराला डॉक्टरांना फोन लावला होता, ते बिचारे झोपेतून उठून हसले. जबड्याचा एक स्नायू डोळ्याच्या खोबणीतून जातो, जबडा हलला की डोळा हलतो, बाकी काही नाही. इनॅमल दाताच्या फक्त पुढच्या बाजूला असतं, मागची बाजू मऊ, ती लवकर झिजते म्हणून टोक कायम तासल्यासारखं धारदार राहतं. पटाशीचे दात हे नाव खरं तर उंदरालाच शोभतं, आपल्याला उगाच दिलंय.

दात खरोखर वाढून बसतात ते वरचे-खालचे एकमेकांवर नीट टेकत नसतील तेव्हा, म्हणजे जन्मापासून वाकडे असतील किंवा पडून मार लागला असेल तर. खाणं तोंडातून सांडतंय, हनुवटी लाळेने ओली, वजन उतरतंय, असं दिसलं तर सरळ डॉक्टर. घरी नेलकटरने कापायच्या भानगडीत पडू नका, दात उभा चिरतो.

आणि ठोकळ्यांना का हात लावला नाही म्हणाल तर त्यात आहे काय? ठोकळा चावून शेवटी ठोकळाच हाती लागतो. उंदराला चावायची नाही, चावून काहीतरी मिळवायची हौस असते, आत घुसायचंय, भोक मोठं करायचंय, घरट्याला सामान न्यायचंय. रंग उडणारा असेल तर ते ठोकळे काढूनच टाका, साधं लाकूड असेल तर एका ठोकळ्याला ड्रिलने शेंगदाण्याएवढं भोक पाडा, त्यात बिनमिठाचा शेंगदाणा घट्ट कोंबा, मग मला कळवा.

प्रश्न : घरातल्या घरात, टाकाऊ वस्तूंपासून काय काय करता येईल? आणि पुठ्ठा पोटात गेला तर?

पोटाचं आधी सांगते कारण सगळे तिथेच अडतात. उंदराचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, कुरतडताना तो गालाची कातडी त्या जागेत आत ओढून घेतो आणि तोंड मागून बंद होतं, त्यामुळे चुरा बाहेर पडतो आणि तो गिळत नाही. पिंजऱ्याखाली जो पसारा पडतो तो त्याचाच पुरावा. पण हे सगळं कुरतडण्याबद्दल, खाण्याबद्दल नाही. ज्या वस्तूला अन्नाचा वास किंवा चव आहे ती तो खाणारच, आणि उंदराला उलटी करता येत नाही, शरीराची रचनाच तशी नाहीये, एकदा आत गेलं की गेलं. त्यामुळे काय द्यायचं यापेक्षा काय काढून टाकायचं ते महत्त्वाचं, म्हणजे चिकटपट्टी, स्टेपलच्या पिना, लेबलं, गुळगुळीत चकचकीत छपाई, तेल किंवा साबणाचा वास मुरलेली खोकी, थर्माकोल, रबर. चिकटवायचं असेलच तर पीठ शिजवून खळ करा, आम्ही लहानपणी पतंगाला लावायचो तशी, ती खाल्ली तरी काय बिघडत नाही.

आता सामान. माझा सगळ्यात जास्त चालणारा ऐवज म्हणजे टॉयलेट रोलची नळी. एक टोक दुमडायचं, आत मूठभर कागदाच्या पट्ट्या आणि तीनचार ओटचे दाणे किंवा बिया, दुसरं टोक दुमडायचं, झालं. पहिल्या दिवशी एकच टोक दुमडा, नाहीतर नवशिक्या उंदराला कळतच नाही की आत काही आहे, आणि मग लोक म्हणतात आमचा उंदीर मठ्ठ आहे. सराव झाला की नळीत नळी घाला, मग ती नळी अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये, ट्रे खोक्यात, खोक्याला सुतळी. माझी टिकली नावाची मादी असल्या पाच पदरी गाठोड्याला सात मिनिटं घेते आणि भुऱ्या नावाचा नर तिने उघडेपर्यंत शेजारी बसून राहतो, मग मात्र पहिला दाणा त्याचा! असा भुऱ्या घरात असेल तर गाठोडी दोन करा आणि लांब लांब ठेवा. आणखी एक, मोठ्या नराचं डोकं नळीत अडकू शकतं, त्यांच्यासाठी नळीला उभी चीर देऊन ठेवायची म्हणजे ती उघडते.

मोठी खोकी असतील तर दोनतीन एकात एक जोडून भुयार करा, प्रत्येक खोक्याला दोन दारं हवीतच, एक दार असेल तर दबंग उंदीर दारात बसून दुसऱ्याला आत कोंडतो. दारं सुद्धा पूर्ण कापू नका, छोटं भोक पाडून सोडा, बाकीचं सुतारकाम ते करतील.

त्यानंतर खणायची पेटी. उंदीर मुळात बिळं खणणारा प्राणी, आणि पिंजऱ्यात सगळ्यात जास्त नेमकी हीच गोष्ट मिळत नाही. एक खोल टब घ्या, त्यात भिजवून पिळलेलं कोकोपीट किंवा खत-औषध न घातलेली माती, ओलसर ठेवा कारण कोरडी धूळ उंदरांच्या फुप्फुसांना अजिबात चालत नाही, बहुतेक पाळीव उंदरांच्या श्वसनमार्गात मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू असतोच आणि धुळीने, मुतातल्या अमोनियाने तो उसळतो. त्या मातीत गहू किंवा ओट पेरा, आठवड्याभरात हिरवं येतं, मग टब आत ठेवा आणि बाजूला खुर्ची टाकून बसा. पेरलेलं शेत पंधरा मिनिटांत आडवं होतं. मातीवर बुरशी दिसली की सगळं फेकायचं, वरवरचं काढून चालत नाही.

घुंगरू, आरसे, माणसांच्या बाळांची खेळणी याबद्दलही विचारलंय दोघांनी. उंदरांची नजर अंधूकच असते, लाल डोळ्यांच्या उंदरांची तर फारच, त्यामुळे आरशाने काही साधत नाही. वास, मिशा आणि पंजे, खेळणं या तिघांसाठी बनवा.

प्रश्न : अंगणातल्या झाडाची फांदी दिली तर चालेल का?

झाड कुठलं ते तुम्ही लिहिलंच नाहीत! सफरचंद, नासपती, विलो, हेझल, बर्च, पॉपलर या चालतात. चेरी, प्लम, पीच, जर्दाळू म्हणजे एकच कठीण कोय असणारी फळझाडं टाळा, त्यांच्या पानाफांद्यांत सायनाइड तयार करणारे घटक असतात. कण्हेर आणि यू ही तर सरळ विषारी झाडं. देवदार वर्गातली वास येणारी लाकडं आणि ताजा पाइन नको, त्यातला सुगंधी चीक फुप्फुसांना आणि यकृताला त्रास देतो, भट्टीत वाळवलेल्या पाइनचं तेवढं नाही. झाड ओळखता येत नसेल तर देऊ नका, पुठ्ठा आहेच. औषध फवारलेलं नाही आणि रस्त्याच्या धुरात नाही असं झाड बघा, फांदी गरम पाण्यात ब्रशने घासा, पूर्ण वाळवा. साल काढू नका, सगळी मजा सालीतच असते.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही संत्र्याची साल वाळवून दोऱ्यात ओवून टांगायला सांगितली होती. नर उंदरांना संत्र्याची साल घातक असते असं आम्ही ऐकलंय. नक्की काय?

तुमचं बरोबर, माझी चूक. सालीच्या तेलात लिमोनीन असतं, प्रयोगांत नर उंदरांना ते जास्त दिलं तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडात गाठी झाल्या. नराच्या यकृतात एक प्रथिन भरपूर तयार होतं, लिमोनीन त्याला चिकटतं आणि मूत्रपिंडात साठत जातं, मादीत आणि माणसात हा प्रकार होत नाही, म्हणून माद्यांना आणि आपल्याला त्याची भीती नाही. तेव्हा ते माझ्या डोक्यातच आलं नाही, पण लिहिताना यायला हवं होतं. नर असतील तर साल नको, सफरचंदाच्या चकत्या वाळवून ओवा, बिया काढून.

प्रश्न : रात्री दोन वाजता गज कुरतडायला सुरुवात होते, पहाटेपर्यंत खडखडाट. खेळणी भरपूर आहेत, वाटी भरलेली असते, तरीही. काय करू?

वाटी भरलेली असते, हीच तर अडचण आहे!

उंदराचा दिवस संध्याकाळी सुरू होतो. रानातला उंदीर रात्रभर काय करतो, तर पोटामागे फिरतो, हुंगतो, खणतो, सापडलं की पळवून लपवतो. तुमचा उंदीर उठतो, चार पावलं चालतो, पोट भरतो, पाच मिनिटांत दिवसभराचं काम संपलं आणि समोर अख्खी रात्र. मग गज. ग्लेन जेन्सन नावाच्या संशोधकाने १९६३ मध्ये एक प्रयोग छापला होता, खटका दाबून दाणा मिळवायला शिकलेल्या उंदरांच्या पिंजऱ्यात त्याने दाण्यांनी भरलेली वाटीच ठेवली, फुकट, आणि तरी बरेचसे उंदीर जाऊन खटका दाबत बसले. नंतर हे कितीतरी प्राण्यांत दिसलंय. आमच्या घरात हे माणसांत कधी दिसलं नाही ते सोडा.

तर वाटी काढा. एकदम नाही, पहिल्या आठवड्यात अर्धं खाणं वाटीत आणि अर्धं भुशात किंवा कागदाच्या अंथरुणात विखरून टाका, मग हळूहळू सगळंच. मोठ्या उंदराला दिवसाला साधारण १५ ते २० ग्रॅम कोरडं खाणं लागतं, तेवढंच मोजून घ्या, खेळण्यांतलं त्यातूनच वजा करायचं, वरून घालायचं नाही, नाहीतर वर्षभरात तुमच्याकडे उंदीर नाही, चेंडू असेल. आठवड्यातून एकदा किचनच्या काट्यावर वजन करा. एखादा उंदीर म्हातारा किंवा आजारी असेल तर त्याच्यापुरती वाटी राहू द्या.

विखुरण्यात रस संपला की अवघड करत जायचं. पसरट ट्रेमध्ये दोनतीन सेंटिमीटर पाणी घ्या आणि त्यात फ्रोझन मटार सोडा, उंदीर काठावर उभा राहून हातांनी मटार पकडतो, काही तर तोंड पाण्यात बुडवून फुर्र करून बाहेर येतात, बघणाऱ्याचीच जास्त करमणूक. उन्हाळ्यात तर हे हवंच, उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो शेपटीतून बाहेर टाकतो आणि ३० अंशांच्या वर त्याचे हाल होतात. कागदाच्या तुकड्यात एकच दाणा बांधून अशा वीस पुड्या पसरा, त्यातल्या दहा रिकाम्या. पालेभाजीची जुडी वरच्या मजल्यावरून अशी टांगा की उभं राहून ओढावं लागेल. हे सगळं तुम्ही झोपायला जाताना करायचं, म्हणजे दोन वाजता त्यांना ड्यूटी असते.

खेळणी भरपूर आहेत म्हणालात, पण कधीपासून तीच आहेत? अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात १९६०च्या दशकात मेरियन डायमंड, मार्क रोझेनझ्वाइग वगैरे संशोधक मंडळींनी दाखवलं की सोबती आणि खेळणी असलेल्या पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरांच्या मेंदूचं वरचं आवरण रिकाम्या पिंजऱ्यातल्यांपेक्षा जाड होतं, आणि त्या प्रयोगात खेळणी सारखी बदलत होते. तुम्हीही दोनतीन वस्तू दर तीनचार दिवसांनी बदला. सगळा पिंजरा एका दिवशी धुऊन पुसून नवाकोरा मात्र करू नका, उंदीर मुळात नव्याला बिचकतो, त्याच्या वासाचं काहीतरी जुनं आत राहू द्या, नाहीतर तो पहिली रात्र सगळीकडे मुतून आपली पाटी लावण्यात घालवतो.

आणि गज कुरतडला म्हणून उठून खाऊ देत असाल तर ते पहिलं थांबवा, कारण मग खटका तुम्हीच झालात.

प्रश्न : माझा उंदीर खेळत नाही, दिलेलं सगळं ओढून घरट्यात नेतो आणि झोपतो.

मग खेळतोय की! जास्त सामान द्या. टिश्यू, कागदाच्या लांब पट्ट्या, नेताना थोडं अवघड जाईल असं काहीतरी. माझ्या एका मादीने अख्खा वर्तमानपत्राचा कागद दोन मजले वर नेला होता, तीनदा खाली पडला, चौथ्यांदा नेला.

प्रश्न : झोळी शिवायला जुना टॉवेल किंवा स्वेटर चालेल का? आणि चाकाबद्दलही सांगा.

टॉवेल, लोकर नको, त्या फाशांत नखं अडकतात आणि घाबरून झटका मारला की बोट दुखावतं. फ्लीसचं कापड घ्या, त्याचे धागे सुटत नाहीत. दोन पदर एकमेकांवर ठेवून तीन बाजू शिवा, चार कोपऱ्यांना भोकं, त्यातून आकडे, खिशासारखी झोळी तयार. कुरतडून चाळण झाली, लोंबकळणारे धागे दिसले की फेका, मायेने ठेवू नका. घरट्यासाठी मिळणारा कापसासारखा भुसभुशीत माल तर मुळीच नको, तो पायाला गुंडाळून रक्त थांबवतो.

चाक द्यायचं तर सलग पृष्ठभागाचं, कमीतकमी ३० सेंटिमीटर व्यासाचं. तारेच्या चाकात पाय आणि शेपूट अडकते. लहान चाकात पाठ उलटी वाकते. उंदराला आत घालून पळवायचा प्लॅस्टिकचा बंद चेंडू कोणाला भेट आला असेल तर माळ्यावर टाका.

प्रश्न : माझ्याकडे एकच उंदीर आहे, दुसरा आणणं शक्य नाही. भरपूर खेळणी दिली तर त्याचं भागेल का?

नाही भागणार. गोड बोलून सांगता आलं असतं तर सांगितलं असतं, पण उंदीर कळपातला प्राणी आहे, तो दुसऱ्याच्या अंगावर झोपतो, दुसऱ्याची मान साफ करतो, भांडतो, हे पुठ्ठ्याला जमत नाही. दुसरा खरोखरच शक्य नसेल तर तुमचा वेळ लागेल, संध्याकाळचा सलग तासभर तरी, आणि नुसता मोकळा सोडून मोबाइल बघत बसायचं असं नाही. वायरी आधी उचला, कारण त्या पहिल्या जातात. मग जमिनीवर बसा. हाताची बोटं त्याच्या मानेवर आणि पोटावर भरभर फिरवून कुस्ती खेळा, पिल्लं एकमेकांशी खेळतात तसं. १९९०च्या दशकात याक पांकसेप यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की असं गुदगुल्या केल्यावर उंदीर ५० किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवतात आणि पुन्हा पुन्हा हाताकडे येतात, आपल्याला तो आवाज ऐकू येत नाही कारण आपले कान २० किलोहर्ट्झला संपतात. हात मागे घेतल्यावर तो पाठलाग करत आला तर समजा त्याला आवडतंय, कोपऱ्यात दबून बसला तर थांबा.

बर्लिनच्या संशोधकांनी २०१९ मध्ये उंदरांना लपंडाव शिकवला होता, बक्षीस खाऊ नव्हतंच, गुदगुल्या होत्या. तुम्हीही करून बघा, खोक्यामागे बसा आणि हाक मारा. नाव ओळखायला बहुतेक उंदीर काही दिवसांत शिकतात, हाक मारताना दरवेळी एकच दाणा.

प्रश्न : आमचा उंदीर अडीच वर्षांचा झालाय, मागचे पाय ओढतो, वर चढता येत नाही. खेळणी काढून घेऊ का? बघून वाईट वाटतं.

अडीच वर्षं म्हणजे भरपूर जगला, दोन ते तीन वर्षं एवढंच आयुष्य असतं त्यांचं. आधी डॉक्टरांना दाखवा, वेदना असेल तर औषध मिळतं. पण खेळणी काढू नका, खाली आणा. झोळी जमिनीपासून चार बोटांवर, मजल्यांना शिडीऐवजी फ्लीस गुंडाळलेला पसरट उतार, पडेल तिथे जाड अंथरूण. पाण्याची बाटली बसल्या जागी तोंड पोचेल इतकी खाली. मागच्या पायांत जोर नसला की उभं राहून हातांनी धरून खाणं जमत नाही, तेव्हा नळीची टोकं दुमडू नका, उघडीच ठेवा, आत मऊ काहीतरी, शिजवलेला मटार किंवा भिजवलेला ओट. अंग साफ करायला पाठ वळत नाही म्हणून कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने मागून पुसून घ्या.

आमचा भुऱ्या आता असाच झालाय. खणायच्या पेटीची एक बाजू मी पार खाली कापून दिलीये, तो आत सरपटत जातो, पुढच्या दोन पंजांनी थोडी माती उकरतो, आणि तिथेच झोपतो. टिकली रोज रात्री एक मटार नेऊन त्याच्या शेजारी ठेवते, का ते मला माहीत नाही, बहुतेक तिला ती जागा लपवायला बरी वाटते, पण उठला की तो खातो.